थ्रीडी स्कॅनच्या नावावर बाबांना दुसऱ्याच कोणाचा तरी जबडा दाखवला

घरात कोणाचं दाताच्या इम्प्लांटचं (हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात) चालू असेल किंवा कोणाला सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन, करून या म्हणून सांगितलं असेल तर हे आधी वाचा. क्लिनिकचं नाव इथे देत नाही कारण तक्रार टाकलेली आहे. एवढंच सांगते की हे आपल्या नागपुरातलंच आहे, चांगलं काचेचं, एसीवालं क्लिनिक आहे आणि सोसायट्यांमध्ये फ्री डेंटल चेकअपचे कॅम्प लावून पेशंट नेतात.

आमच्या बाबांची वरची डावी दाढ दुखत होती. त्या दाढेचं रूट कॅनल खूप वर्षांआधी झालेलं, वर मेटलची कॅप आहे. कॅम्पमध्ये पाहून त्यांना क्लिनिकला बोलावलं, तिथे रिसेप्शनवाली म्हणे, काका आजच स्कॅनवर ऑफर आहे, करून घ्या. बिल ३,५०० रुपयांचं, त्यावर लिहिलंय सीबीसीटी फुल माउथ. मशीनमध्ये उभं केलं, हनुवटी टेकवली, दातात एक काडी धरायला लावली, मशीन डोक्याभोवती फिरलं आणि झालं. मग डॉक्टरनी मोठ्या टीव्हीवर रंगीत जबडा गोल गोल फिरवून दाखवला, "हे पाहा काका, हाड गळून राहिलं, किती भोकं पडलीत, अजून थांबलात तर बाजूचे दातही जातील." चार दात काढायचे, हाड भरायचं, सायनस लिफ्ट (वरच्या दाढांवरच्या सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरतात ते), चार इम्प्लांट, सगळं मिळून २ लाख ४० हजार. त्यातले ४० हजार तिथेच यूपीआयनी घेतले आणि बाकीचं ईएमआयवर बसवून देतो म्हणे. बाबा रिटायर्ड माणूस, घरी आले तेव्हा चेहरा पार उतरलेला, आईनी कितीदा म्हटलं तरी धड जेवले नाही.

सोबत एक चकचकीत प्रिंट दिला होता, कोपऱ्यात बाबांचं नाव टाइप केलेलं. तो मी नीट पाह्यला. बाबांची वरची उजवी दाढ मी शाळेत होते तेव्हाच काढलेली, ती जागा आजही रिकामी आहे, जीभ लागते तिथे. आणि प्रिंटमध्ये वरची ओळ पूर्ण भरलेली! क्लिनिकला फोन केला तर म्हणे मॅडम, एक्सरेत डावं उजवं उलटं दिसतं. ते खरं आहे, फोटोच्या डाव्या हाताला पेशंटची उजवी बाजू येते. पण प्रिंट उलटा धरा नाही तं सुलटा धरा, गॅप कुठेच नव्हती. मेटलची कॅपही नव्हती, आणि मेटल एक्सरेत लपत नाही, पांढरंफट्ट चमकतं आणि सीबीसीटीत तर त्याच्या आजूबाजूला काळ्यापांढऱ्या रेघा पसरतात.

मग मी स्कॅनची फाइल मागितली. आधी म्हणे ती फक्त आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, मग म्हणे सर्व्हर बंद आहे, मग सर बाहेरगावी. मी लेखी अर्ज दिला आणि रिसीव्हचा शिक्का मागितला तेव्हा कुठे सीडी मिळाली. सीडीत काय तर एक जेपीजी. त्यात बाबांची गॅप पण होती, कॅप पण होती, म्हणजे फोटो बाबांचाच, पण तो साधा ओपीजी होता, दोन्ही जबड्यांचा लांबट सपाट फोटो जो पाचसहाशे रुपयांत होतो. थ्रीडी स्कॅन केलाच नव्हता. टीव्हीवर फिरवला तो कोणाचा जबडा होता देव जाणे.

आता हे कसं जमतं ते समजून घ्या, कारण पेशंटला मशीनवरून काहीच कळत नाही. ओपीजीचं मशीन पण डोक्याभोवती फिरतं आणि सीबीसीटीचं पण, कित्येक ठिकाणी तर एकाच मशीनमध्ये दोन्ही होतं. फरक हातात काय येतं त्यात आहे. सीबीसीटीत किरण कोनाच्या आकारात सुटतात, समोरचा सेन्सर फिरता फिरता शेकडो फोटो घेतो आणि कॉम्प्युटर त्यातून जबड्याचा पूर्ण ठोकळा तयार करतो. तो ठोकळा कुठूनही कापून पाहता येतो. ८ सेंमी उंचीचा भाग ०.२ मिमीच्या थरांनी कापला तर ४०० चकत्या होतात. म्हणून खऱ्या स्कॅनचा चांगला मोठा डेटा येतो, डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये, फ्री व्ह्यूअरमध्येही उघडतो, आणि त्यात पेशंटचं नाव, तारीख, मशीनची माहिती आत नोंदलेली असते. "आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते" हे ऐकलं की सरळ सांगायचं, डायकॉममध्ये एक्स्पोर्ट करून द्या.

ते रंगीत फिरणारं मॉडेल पाहून तर अजिबात घाबरू नका बाप्पा. त्यात कॉम्प्युटर एका ठरावीक घनतेच्या वरचंच हाड दाखवतो, त्यामुळे जिथे हाड पातळ आहे तिथे हाड असूनही भोक दिसतं. दातांच्या बाहेरच्या बाजूला चांगल्या माणसाचं हाडही पातळच असतं. हाड किती उरलंय ते त्या चकत्यांवर मिमीमध्ये मोजून सांगावं लागतं. मेटल कॅपजवळच्या काळ्या रेघेला पण "दाताला क्रॅक आहे" म्हणून खपवता येतं, ते वेगळंच.

हे सगळं मला आमच्या ओळखीच्या एका डेंटिस्ट मॅडमनी समजावलं. त्यांनी बाबांना तपासून आधी साधा छोटा एक्सरे काढला, त्यात शंका आली म्हणून मग फक्त त्या दाढेपुरता, ५ बाय ५ सेंमीचा सीबीसीटी दुसऱ्या सेंटरला करायला लावला. फुल माउथ कशाला नाही ते पण सांगितलं. ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन जातं, सीबीसीटीत भाग केवढा आणि सेटिंग काय त्यावर वीसतीसपासून काही शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २,४०० मिळतात, तेव्हा एका स्कॅननी भिण्यासारखं काही नाही, पण गरज नसताना मोठा भाग कशाला स्कॅन करायचा? तिथे डायकॉमची लिंक आणि ओरल रेडिओलॉजीच्या डॉक्टरांच्या सहीचा लेखी रिपोर्ट मिळाला, न मागता. रिपोर्टमध्ये निघालं की त्या दाढेत चौथा कॅनल, म्हणजे मुळातली नळी, आहे जो जुन्या रूट कॅनलच्या वेळी राहून गेलेला, वरच्या पहिल्या दाढेत असं पुष्कळदा होतं म्हणे, आणि मुळाच्या टोकाशी थोडं इन्फेक्शन. हाड चांगलं. कॅप काढून रूट कॅनल परत केलं, नवीन कॅप बसवली, दाढ जागेवर आहे आणि बाकीचे तीन दात ज्यांना काढायचं होतं त्यांना तर काही झालेलंच नव्हतं!! हे लिहितानाही हात थरथरतो, कारण बाबा एकटे असते तर चार दात उगाच गेले असते, आणि काढलेला दात परत कोणी लावून देत नाही.

म्हणून स्कॅन म्हटलं की आधी विचारा कशासाठी, किती भागाचा, आणि साध्या एक्सरेत का दिसत नाही. बिलावर स्कॅनचं नाव आणि भाग लिहून घ्या, डायकॉम आणि लेखी रिपोर्ट घेतल्याशिवाय ट्रीटमेंटचा एक रुपया देऊ नका, आणि डेटा घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, त्यासाठी परत स्कॅन लागत नाही. दाताच्या एक्सरे मशीनला पण अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची परवानगी लागते, ती विचारायचा आपल्याला हक्क आहे. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन केलेली ट्रीटमेंट ग्राहक कायद्यात येते, आणि डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करता येते.

आम्ही वकिलाकडून नोटीस पाठवल्यावर ॲडव्हान्सचे ४० हजार परत आले, सोबत "आपसात मिटवलं" असं लिहून द्या म्हणत होते, ते आम्ही दिलं नाही. स्कॅनच्या ३,५०० बद्दल अजूनही "टेक्निकल मिस्टेक" म्हणून राहिले. तक्रारीला बिल, तो चकचकीत प्रिंट आणि सीडी तिन्ही जोडलंय, तारीख लागायची आहे.