वाशीतलं ‘परदेशी सैन्यभरती पॅकेज’: 45,000 रुपयांत पदरात काय पडतं?

वाशी सेक्टर 17 मधल्या एका कन्सल्टन्सीचं हे पॅकेज. जाहिरात म्हणते, भारतीय पासपोर्टवर परदेशी फौजेत भरती व्हा. हे धादांत खोटं नाही, आणि पोरं नेमकी तिथेच फसतात. नोंदणीला 15,000, ‘प्रोफाइल शॉर्टलिस्ट’ झाली की आणखी 30,000. बदल्यात 32 पानी पुस्तिका, अर्ज भरून देणं आणि सहा आठवडे सकाळचं मैदान.

पुस्तिका उघडलीत तर आधी अमेरिकेचं पान बघा. त्यात ‘मावनी’ योजना अजून छापलेली आहे. ग्रीनकार्ड नसलेल्या, पण कायदेशीररीत्या अमेरिकेत असलेल्या डॉक्टरांना आणि ठरावीक भाषा जाणणाऱ्यांना त्या योजनेतून प्रवेश मिळायचा. 2016 पासून ती बंद आहे. आता ग्रीनकार्ड आधीच हातात असलेलाच भारतीय तिथे भरती होतो. विद्यार्थी व्हिसा किंवा नोकरीचा एच-वन-बी व्हिसा चालत नाही, आणि फौज कुणाला ग्रीनकार्ड काढून देत नाही. ग्रीनकार्डवाला शिपाई होतो, अधिकारी नाही. नेरूळ-कोपरखैरण्यात बसून या पानाचा उपयोग शून्य.

ब्रिटनचं पान त्यातल्या त्यात बरं. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणून आपला नागरिक ब्रिटिश आर्मीसाठी अर्ज करू शकतो. आधी पाच वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेलं असण्याची अट 2018 मध्ये काढली, पण त्याच वेळी तिन्ही दलं मिळून वर्षाला 1,350 जणांची मर्यादा ठेवली. पुस्तिकेत अट काढल्याचं ठळक अक्षरांत आहे, मर्यादेचं नावही नाही. शिवाय अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो.

फॉरेन लीजन, म्हणजे फ्रेंच सैन्यातली परदेशी लोकांची तुकडी, मात्र खरोखर कुठल्याही देशाच्या पुरुषाला घेते. वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस, पहिला करार 5 वर्षांचा, 3 वर्षं झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भरती होते फक्त फ्रान्समध्ये. स्वतःच्या खर्चाने जाऊन दारात उभं राहायचं. लीजन ना व्हिसा काढून देते ना फ्रान्सपर्यंतचं तिकीट. मग मधल्या माणसाचं काम काय? इथे सल्ला मिळतो की शेंगेन (म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) व्हिसाच्या अर्जात ‘पर्यटन’ लिहा. हे दिलेलं कारण खोटं निघालं तर व्हिसा नाकारला जातो आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो.

मैदान चांगलं आहे. प्रशिक्षक वेळेवर, पुल-अपचा बार भक्कम, मुलं खरोखर घाम गाळतात. फक्त तयारी चुकीच्या परीक्षेची. रोज 1,600 मीटर घड्याळ लावून पळवतात. ती आपली अग्निवीरची धाव. लीजनमध्ये 20 मीटरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर पळायचं असतं. दर फेरीला वळताना वेग तुटतो, मांड्या भरून येतात. सरळ धावणारा तिथे लवकर गळतो. ब्रिटिश चाचणीत 2 किलोमीटर धाव, शिवाय बसून 4 किलोचा मेडिसिन बॉल फेकायचा असतो. तो बॉल इथे नाहीच.

पावती नीट वाचा. तिच्यावर ‘करिअर समुपदेशन’ एवढंच छापलंय. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्याला 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. समुपदेशन म्हणून दोन्हीतून निसटायचा हा डाव. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. रशियात ‘मदतनीस’ म्हणून नेलेले भारतीय थेट युद्धात अडकले आणि मार्च 2024 मध्ये सीबीआयने एजंटांवर छापे घातले, तेव्हा हा आळस परवडणारा नाही.

सर्वात वाईट सल्ला इथल्या नेपाळी मुलांना मिळतो: आधार काढा, स्थानिक म्हणून अग्निवीरला बसा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही आणि खोट्या अधिवासावर झालेली भरती पडताळणीत रद्द होते. तशी गरजही नाही. 1950 च्या आर्मी अॅक्टचं कलम 11 बिगरनागरिकांना केंद्र सरकारच्या लेखी संमतीशिवाय रोखतं, पण नेपाळी प्रजाजनांना त्यातून स्पष्ट सूट देतं. अडचण कायद्याची नसून, अग्निपथनंतर 2022 पासून नेपाळमधली भरती थांबली आहे, ही आहे.

फक्त मैदान लावायचं असेल तर महिन्याचे 2,000 सांगतात. तेवढेच द्या, आणि पावतीवर ‘शारीरिक प्रशिक्षण’ लिहून घ्या.