टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असेल तर एआरटी (एचआयव्हीची औषधं) २ आठवड्यांनी की ८ आठवड्यांनी?

टीबीच्या गोळ्या आधी सुरू करायच्या हे सगळ्यांनाच माहितीये, घोळ होतो तो एआरटी कधी सुरू करायची यात. २ आठवड्यांत सुरू केली की कधी कधी झोपलेली प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि शरीरात उरलेल्या टीबीच्या जंतूंवर तुटून पडते, मग ताप परत येतो, गाठी सुजतात, खोकला वाढतो, आणि घरच्यांना वाटतं औषधंच बाधली. यालाच आयरिस म्हणतात. ८ आठवडे थांबलं तर हा त्रास बराच कमी होतो, कारण तोपर्यंत जंतू कमी झालेले असतात.

मग थांबावं का? नाही. कंबोडियात ६६१ पेशंटवर कॅमेलिया ट्रायल झाली, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातली संख्या) २०० किंवा त्याच्याही खाली असलेले लोक, त्यात लवकर सुरू करणाऱ्यांत आयरिस जास्त झाला पण मृत्यू १८ टक्के, आणि थांबलेल्यांत २७ टक्के. मला तरी हा आकडा पुरेसा वाटतो. सूज आली तर डॉक्टर स्टेरॉइड देऊन सांभाळू शकतात, गेलेला माणूस परत येत नाही हो.

फक्त मेंदूचा टीबी असेल तर गणित उलटं, कवटीत सुजायला जागाच नसते, तिथे ४ ते ८ आठवडे थांबतात.

आणि प्लीज, ताप आला म्हणून स्वतःहून गोळ्या बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.