गज घ्यावा की दोरी? बंदुकीची नळी घरी साफ करणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत परवान्याची बंदूक पुष्कळदा वारशानेच आलेली असते. तिच्याबरोबरचे सफाईचे सामान मात्र तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचत नाही. नवे घ्यायला गेल्यावर दुकानदार दोन वस्तू पुढे ठेवतो. एक म्हणजे ब्रश व चिंधी लावण्याचा गज, आणि दुसरी म्हणजे नळीत मागून सोडून पुढून ओढायची दोरी, जिला फौजेतून निवृत्त झालेली मंडळी पुलथ्रू म्हणतात. शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ज्यांच्याकडे बाराबोअरची दुनळी आणि .22ची रायफल अशी जोडी आहे, त्यांनी एकाच साधनात दोन्ही भागवण्याचा विचार सोडून द्यावा. बाराबोअरच्या नळीचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर, तर .22चा जेमतेम साडेपाच. एकीचा ब्रश दुसरीला चालतच नाही.

दुनळीसाठी माझे मत निःसंशय गजाच्या बाजूने आहे. बंदूक बिजागरीवर उघडून नळ्या वेगळ्या करता येत असल्यामुळे गज काडतुसाच्या बाजूनेच घालता येतो आणि तोंडाकडील चोकला, म्हणजे तिथल्या किंचित अरुंद भागाला, धक्का लागत नाही. नळीत शिसे तर बसतेच, शिवाय काडतुसात छऱ्यांमागे असलेल्या प्लॅस्टिकच्या डाटाचा पातळ थरही चिकटतो, आणि तो दोरीच्या एकदोन ओढींत सुटत नाही. त्याला द्रावण लावून दहा मिनिटे थांबावे लागते आणि मग पितळी तारांचा ब्रश जोर देऊन फिरवावा लागतो. ब्रश पूर्ण बाहेर काढूनच परत ओढावा, कारण नळीत मध्येच दिशा बदलली की तारा मुडपतात. अगदी जुनी काडतुसे उडवली असतील तर त्यांच्या टोपीतील, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागातील, क्षार हवेतली ओल ओढून घेतात, आणि ते तेलात नव्हे, पाण्यात विरघळतात. अशा वेळी कढत पाणी ओतून नळी लगेच कोरडी करणे, हे काम गजावरच्या जाड चिंधीसारखे दुसऱ्या कशानेही होत नाही.

रायफलीचे गणित निराळे आहे. तिची नेमबाजी नळीच्या तोंडाच्या कडेवर अवलंबून असते, आणि बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, सहज न निघणाऱ्या रायफलीत गज तोंडाकडूनच घालावा लागत असल्याने तो हळूहळू तीच कड घासतो. तीन तुकड्यांच्या स्वस्त गजाचे सांधे तर नळीच्या आतल्या आट्यांनाही, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांनाही, लागतात. अशा रायफलीला दोरीच बरी. दोरी निर्धोक आहे, असे मात्र समजू नये. तिरकी ओढल्यास तीही कड झिजवते, आणि हा दोष ली-एनफील्ड या जुन्या फौजी रायफलीच्या काळापासून माहीत आहे. न धुता वापरलेली दोरी मागच्या वेळची काजळी पुन्हा आत नेते. विरलेली दोरी आत तुटली, तर ती काढायला कारागिराकडेच जावे लागते. बोल्ट निघत असेल, तर अखंड, लेप दिलेला गज मागून घालणे मी अधिक पसंत करतो.

तेलाबद्दल एक आठवण सांगतो. आमच्या घरी कोणीतरी हौसेने दुनळीला खोबरेल लावून ठेवले होते. ते साधारण 24 अंशांखाली गोठते, आणि इथला पौष म्हणजे काय ते सांगायला नको. नळ्या उघडताना बिजागरीत पांढरा लगदा निघाला. शिलाई मशीनचे पातळ तेल त्यापेक्षा कितीतरी बरे. कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी बंदूक उघडून काडतुसांची दोन्ही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावीत, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि द्रावण उघड्या खिडकीपाशी, देवघरातल्या समईपासून दूर वापरावे.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी दुनळीचा गज घ्यावा. निवडणुकीच्या वेळी शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हा त्याची किंमत कळते. एकदा आमची बंदूक अडीच महिन्यांनी परत आली, तेव्हा उजव्या नळीत तांबूस ठिपके पडले होते. तेव्हापासून जमा करण्याच्या आदल्या रात्री मी दोन्ही नळ्यांतून तेलाची चिंधी गजाने फिरवतो, आणि परत आल्यावर बार उडवण्यापूर्वी तेच तेल कोरड्या चिंधीने पुसून काढतो.