आठ महिने डूम खेळल्यावर

गेल्या जूनच्या शेवटी सेलमध्ये ‘डूम’ आणि ‘डूम टू’ हे राक्षसांवर गोळ्या झाडायचे जुने कॉम्प्युटर खेळ घेतले. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन-चार रात्री, मार्केट यार्डातून घरी येऊन जेवण झालं की तासभर खेळतो. आता नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की घरी यायलाच दहा वाजतील, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

पहिला डूम १० डिसेंबर १९९३ ला आला. आमच्यापर्यंत तो तीन-चार वर्षांनी पोचला, सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, फ्लॉपीवरून. तिथं फक्त पहिला भाग होता, कारण खेळ बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीने तेवढाच फुकट वाटला होता आणि बाकीचे दोन विकत ठेवले होते. पुढे गावभागातल्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर आला, त्यावर बाकीचा डूम खेळलो. तो कॉम्प्युटर २०१९ च्या पुरात गेला. एवढं सगळं मागे असल्यावर खेळ खरंच चांगला आहे की मला फक्त ते दिवस आवडतात, हे एकदा तपासायचं होतं.

आधी सेटिंगचं सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत दोन्ही खेळ एकत्र मिळतात, शिवाय ‘लेगसी ऑफ रस्ट’ हा नवा भागही आहे. ती चांगली आहे. पण मला जुना डूम जसाच्या तसा हवा होता, म्हणून त्यातली जेमतेम १२ एमबीची फाइल ‘चॉकलेट डूम’मध्ये टाकून खेळलो. जुना डूम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तीच ३२० बाय २०० ची चित्रं, सेकंदाला त्याच ३५ फ्रेम. पहिल्या रात्री मात्र खेळणं अशक्य झालं. जुन्या डूममध्ये माउस पुढे सरकवला की आपला माणूसच पुढे चालायला लागतो, त्यामुळे नेम धरता धरता मी थेट हिरव्या ॲसिडमध्ये. सेटअपमध्ये जाऊन माउसची उभी हालचाल बंद करा, चालायला डब्ल्यू-ए-एस-डी ही बटणं लावा आणि शिफ्ट दाबून पळायची सवय करा. हे केल्याशिवाय या खेळाबद्दल मत बनवू नका.

दिवाळीत भाचा आला होता, अकरावीतला, मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळून हात बसलेला. त्याला शेजारी बसवून माउस हातात दिला. पाच मिनिटं तो बंदूक पुन्हा भरायला सारखा आर दाबत होता. “मामा, रीलोड कुठंय?” रीलोड नाहीच. उडी नाही, वर-खाली बघणं नाही, आडोशाला बसून जीव भरून येणं नाही. उंचावरच्या शत्रूवर नेम खेळच धरतो, आपण फक्त डावं-उजवं जुळवायचं. “मग आपण करायचं काय?” असं त्यानं विचारलं.

करायचं ते पायांनी, आणि हे मलाही या आठ महिन्यांतच नीट कळलं. मी कॉलेजपर्यंत कबड्डी खेळलो. चढाईला गेल्यावर हात शेवटी लागतो. त्याआधी कुठं उभं राहायचं, कोपऱ्यावरच्याला किती जवळ येऊ द्यायचं, मागे रेषा किती लांब आहे, हे सगळं पायांत असतं. डूम तसाच आहे. इम्प नावाच्या राक्षसाचा आगीचा गोळा येताना दिसतो, बाजूला सरकलं की चुकतो. आता सरकताना असं सरका की तो गोळा मागच्या दुसऱ्या राक्षसाला लागेल. तो चिडून इम्पवरच धावून जातो आणि आपण एकही गोळी न खर्चता दोघांचं भांडण बघत उभे. पण इम्पचा गोळा दुसऱ्या इम्पला इजा करत नाही, म्हणजे समोर कोण कोण उभं आहे हे आधी ओळखावं लागतं. शॉटगनच्या एका बारातून ७ छर्रे सुटतात. जवळून सगळे लागले तर इम्प बहुतेक वेळा एका बारात पडतो, लांबून ते फाकतात आणि वाया जातात. वर दुसरा बार भरायला साधारण एक सेकंद. आणखी तीन पावलं आत शिरायचं की नाही, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो. भाच्याला हे उमगलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि तो उठायला तयार नव्हता. त्याला तर फ्लॉपी माहीतही नाही. माझी शंका तिथं फिटली.

पहिल्या लेव्हलची रचना आजही शिकवण्यासारखी आहे. सुरुवातीच्या खोलीतल्या खिडकीतून बाहेर अंगण दिसतं, आणि तिथं निळं चिलखत. जायला दार नाही. पुढे ॲसिडवरच्या नागमोडी पुलाच्या खोलीतून एक गुप्त वाट बाहेर जाते आणि आपण त्याच अंगणात उभे राहतो. एक शब्द न लिहिता खेळ सांगतो की जे दिसतं तिथं पोचता येतं, शोधा. खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरोने बहुतेक सगळा बांधलेल्या पहिल्या भागात हे जवळजवळ सगळीकडे आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भागात तो नीटनेटकेपणा राहत नाही, तरी चालतं. ‘डूम टू’बद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. दुनळी शॉटगन अप्रतिम, मेलेल्यांना उठवणारा आर्चवाइल उत्तम, कारण त्याच्या नजरेआड पळावं लागतं, म्हणजे पुन्हा पायच. पण शहराच्या लेव्हल्स रटाळ आहेत. ‘डाउनटाउन’मध्ये मी एका चावीसाठी चाळीस मिनिटं इमारतींमागून इमारती धुंडाळल्या. आणि सलग गोळ्या झाडणारा चेनगनवाला सैनिक हा मला अन्यायच वाटतो. त्याची गोळी येताना दिसत नाही, दिसला की लागलीच. हा खेळ ज्या एका गोष्टीवर उभा आहे तीच तिथं काढून घेतली जाते.

रक्त आणि सैतानी चित्रं भरपूर आहेत, लहान मुलांसमोर लावू नका. बायकोला स्क्रीन बघून घेरी येते, तसं काही जणांना होतं.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण पहिला भाग पूर्ण केल्याशिवाय ‘डूम टू’ला हात लावू नका. दोन्ही संपले तरी खेळ संपत नाही. १९९७ मध्ये याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला झाला, त्यामुळे लोक अजून नव्या लेव्हल्स बनवतात. रोमेरोनेच २०१९ मध्ये ‘सिजिल’ नावाचा नवा भाग काढला, तो फुकटही मिळतो. मी तो उतरवून ठेवलाय, पण अजून उघडला नाही. सध्या पहिल्या डूमला १९९५ मध्ये जोडलेल्या चौथ्या भागातल्या दुसऱ्या लेव्हलवर, ‘परफेक्ट हेट्रेड’वर, अकरा रात्री अडकलोय. काल पहिल्यांदाच सुरुवातीच्या गर्दीतून निम्म्याहून जास्त जीव शिल्लक ठेवून बाहेर पडलो.