‘प्रशस्त’ अ‍ॅप: चाळणी चांगली, पण आई-वडिलांना आधी बोलवा

एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ अ‍ॅप 2022 मध्ये आलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांची प्राथमिक तपासणी त्यातून शाळेतच करता येते. त्यातल्या फॉर्मचा भाग 1 वर्गशिक्षक भरतात. त्यात शंका आली तर भाग 2 विशेष शिक्षक (दिव्यांग मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले) वगैरे मंडळी भरतात आणि शाळेचा अहवाल पुढे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राच्या प्रक्रियेसाठी जातो.

‘अभ्यासात कच्चा’ एवढ्यावर न थांबता मूल नेमकं कुठे अडतं हे बघायची सवय शिक्षकाला लागते, हा याचा मोठा फायदा. पण सगळी सूत्रं शाळेच्या हाती राहतात. ‘तुमच्या पोराचं नाव यादीत घातलंय’ हे आईला शेजाऱ्यांकडून कळलं, की पुढच्या कुठल्याही कागदावर ती सही करत नाही. आणि तिचं चुकत नाही.

म्हणून भाग 1 भरण्याआधीच पालकांना बोलवा, पालकसभेत चारचौघांत नको, एकट्यांना. मुलाला काय छान जमतं तिथून सुरुवात करा, मग वही उघडून दाखवा: ‘फळ्यावरून उतरवताना मधली ओळ गाळतो, तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर देतो.’ ‘लक्षच देत नाही’ असं म्हटलं की आई-वडील बचावाच्या पवित्र्यात जातात. घरी काय दिसतं तेही विचारा, लिहून घ्या. ही तपासणी आहे, निदान नव्हे, हे स्पष्ट सांगा. निदान डॉक्टर करतील.

घोळ होतो तो घाईत. मुदत आली म्हणून अख्ख्या वर्गाचे फॉर्म एका बैठकीत भरले, तर ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल हमखास अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या मूळच्या अडचणीच्या, रकान्यात जातं. खरं तर ते महिनोन्‌महिने शाळेतच नव्हतं! आधी हजेरीपत्रक बघा. घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचन जड जाणारच. डोळे आणि कान तपासून घ्या. कित्येकदा चष्म्यानेच प्रश्न सुटतो. पहिलीत आकडे उलटे काढणं तर बहुधा वयाचंच असतं.

विशेष शिक्षक येत असतील त्या शाळांनी हे अ‍ॅप जरूर वापरावं. नसतील तिथे आधी तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे विशेष शिक्षकांची भेट मागावी, तोवर कुठलंही नाव पुढे पाठवू नये. अहवाल गेला की त्यात काय लिहिलंय ते पालकांना वाचून दाखवा, डॉक्टरांच्या तपासणीला कधी आणि कुठे जायचं ते कागदावर लिहून द्या. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (त्या मुलाला काय, कसं शिकवायचं याची योजना) झाला तर त्याची एक प्रत घरी गेलीच पाहिजे.