'पिक अप'च्या निमित्ताने: इंग्रजी-मराठी कोश घ्यावा की इंग्रजी-इंग्रजी?

भाची बारावी झाली. पुढचं शिक्षण इंग्रजीतून आहे, म्हणून तिला चांगला शब्दकोश घ्यायचाय. "मामा, इंग्रजी-मराठी घेऊ की इंग्रजी-इंग्रजी?" असा तिचा फोन आला. ही निवड मी पंधराएक वर्षांपूर्वी केली, आणि ती एका क्रियापदामुळे केली: पिक अप. आजही दोन्ही कोश माझ्या टेबलावर आहेत. पण आधी हात कुठे जातो, ते माझ्यापुरतं ठरून गेलंय.

पिक अप आपल्याला आपलंच वाटतं. गाडीला पिकअप नाही म्हणतो, भाजीचा पिकअप टेम्पो म्हणतो. शिवाय 'उचलणे' हा मराठी शब्द या क्रियापदाला लांबपर्यंत साथ देतो. फोन उचल, ट्रान्सपोर्टवाल्याने माल उचलला, पोलिसांनी दोघांना उचललं. तिन्ही ठिकाणी इंग्रजीतही पिक अपच चालतं. त्यामुळे इंग्रजी-मराठी कोशातला पहिला अर्थ वाचला की काम झालं, असं मन सांगतं. येताना दूध 'पिक अप' कर, स्टेशनवर मला 'पिक अप' करायला ये, इथवर फारसं अडत नाही.

मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. इंग्लंडमधल्या ग्राहकाचा मेल आला: 'ऑर्डर्स शुड पिक अप नेक्स्ट मंथ.' आमच्या खात्यात पिकअप म्हणजे गाडी येऊन माल नेणे, दुसरं काही नाही. मी समजलो, पुढच्या महिन्यात ते तयार ऑर्डरी उचलणार. पेट्या भरल्या, लेबलं लावली, दाराशी थप्प्या रचल्या, साप्ताहिक सुटीला दोन माणसं थांबवून घेतली. गाडी आली नाही. त्यांना म्हणायचं होतं की पुढच्या महिन्यात ऑर्डरी वाढतील. मला तर जास्तीचा कच्चा माल मागवायला हवा होता, आणि मी गोदाम मोकळं करत बसलो होतो.

त्या संध्याकाळी कोश काढला. पिक अपसमोर ओळीने होतं: उचलणे, वेचणे, घेणे, शिकणे, सुधारणे, वेग घेणे. म्हणजे बरोबर अर्थ तिथे होता! कोश चुकला नव्हता, आणि याचाच मला जास्त त्रास झाला. सहा अर्थ स्वल्पविराम देऊन एका रांगेत उभे केलेले. कोणता अर्थ कोणाच्या सोबतीने येतो, याचा पत्ता नाही. 'सुधारणे' म्हणजे मी कोणाला तरी सुधारतो, की धंदा आपोआप सुधारतो? मराठीत दोन्ही होतं: बापाने मुलाला सुधारलं, आणि मुलगा सुधारला. इंग्रजी पिक अप या अर्थाने वापरलं की त्याला कर्म नसतं. विक्री, बाजार, हवामान, वारा हे स्वतःच पिक अप होतात. हे एवढं सांगितलं असतं तर 'ऑर्डर्स' हा कर्ता आहे, उचलायची वस्तू नव्हे, हे मेल वाचतानाच दिसलं असतं. आणि आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: भावांनी उचल खाल्ली, तशी ऑर्डरींनी उचल खाल्ली. तो शब्द मला त्या रांगेत सापडला नाही.

मग परक्या शिकणाऱ्यांसाठी लिहिलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घेतला. हॉर्नबी यांनी जपानात इंग्रजी शिकवता शिकवता असा कोश तयार केला. तो 1942 साली तोक्योत निघाला आणि 1948 पासून ऑक्सफर्डने छापला. वर्गात मुलं कुठे अडतात हे पाहिलेल्या माणसाचं ते काम, आणि ते जाणवतं. आजच्या ऑक्सफर्डच्या कोशात पिक अप एकदा नुसतं येतं आणि एकदा मध्ये 'समबडी' किंवा 'समथिंग' घेऊन येतं. पुढे दोन्हीकडे टोकं असलेला छोटा बाण असतो. त्याचा अर्थ, पेटी शब्दांच्या मध्येही ठेवता येते आणि शेवटीही: 'पिक द बॉक्स अप', 'पिक अप द बॉक्स'. मात्र 'इट' किंवा 'हिम' आलं की ते मध्येच बसतं: 'पिक इट अप'. मी कित्येक वर्षं 'पिक अप इट' लिहीत होतो आणि मला कोणी टोकलं नव्हतं.

1987 चा 'कॉलिन्स कोबिल्ड' हा इंग्रजी-इंग्रजी कोश मला याहून आवडला. जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली बर्मिंगहॅम विद्यापीठात तो झाला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे कोण काय करतं ते व्याख्येतच कळतं. माझी अडचण नेमकी तीच होती.

'व्याख्याच कळली नाही तर?' ही भीती मलाही होती. लाँगमन या प्रकाशनसंस्थेने 1978 च्या कोशात सगळे अर्थ सुमारे 2000 साध्या शब्दांत सांगायचं ठरवलं, आणि इतरांनीही तशाच मर्यादा घालून घेतल्या. बारावी झालेल्याला पहिला महिना जड जाईल, नंतर बहुधा जाणार नाही.

इंग्रजी-मराठी कोशाचं मोल मी कमी मानत नाही. झाड, पक्षी, आजार, हत्यार यांच्यासाठी दोन ओळींच्या इंग्रजी वर्णनापेक्षा एक मराठी शब्द केव्हाही बरा. परीक्षा तोंडावर असेल आणि एकेका शब्दाचा एकेक अर्थ हवा असेल, तर तोच घ्या. वेळही कमी लागतो.

पण पिक अपसारख्या, क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या जोडक्रियापदांचं काम वेगळं आहे. इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागली, दार लागलं, नंबर लागला, मूल चालायला लागलं. प्रवासात गाडी लागते तेव्हा मळमळतं, आणि फलाटाला गाडी लागते तेव्हा आपण पिशव्या उचलतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला यातलं काय म्हणून यादीत द्याल? त्याला वाक्यंच द्यावी लागतील.

नुसत्या जोडक्रियापदांचे वेगळे कोशही मिळतात. कोबिल्डच्या तशा कोशात 'अप', 'ऑफ', 'आउट' यांची शेवटी वेगळी सूची आहे. 'ईट अप', 'यूज अप' मधला 'अप' आपल्या 'खाऊन टाक', 'संपवून टाक' मधल्या 'टाक'च्या जवळ जातो, हे तिथे छान उमगतं. शिकवणाऱ्याने तो जरूर घ्यावा. पहिला कोश म्हणून घाई नको.

भाचीला मी इतकंच सांगितलं: दुकानात दोन्ही कोश 'पिक'वर उघड. पिक अपखाली बाजार किंवा विक्री कर्ता असलेलं एक तरी वाक्य शोध, आणि 'इट' कुठे बसतं ते दाखवलंय का बघ. दोन्ही ज्यात सापडेल तो घे. पैसे कमी पडले तर मला कळव.