सांगलीतल्या जिममधली बॉडी कंपोझिशन टेस्ट: उपयोगाची, पण कागद नीट वाचता आला तर

विश्रामबागपासून मिरजेपर्यंत अनेक जिममध्ये आता हँडलवालं बॉडी कंपोझिशन मशीन दिसतं. अनवाणी उभं राहायचं, हँडल धरायची, मिनिट-दोन मिनिटांत कागद हातात. वजन उतरवायला निघालेल्यांनी ही टेस्ट जरूर करावी. साधा काटा नुसते किलो सांगतो. त्यात चरबी किती गेली नि स्नायू किती, ते त्याला कळत नाही. अडचण आहे ती टेस्ट घेण्याच्या आणि समजावण्याच्या पद्धतीत.

काउंटरवर बोट ठेवलं जातं चरबीच्या टक्क्यावर. तिथंच फसगत होते. समजा वजन 80 किलो, चरबी 32 टक्के, म्हणजे 25.6 किलो. तीन महिन्यांनी वजन 74 आणि चरबी 29.5 टक्के. टक्का उतरला म्हणून सगळे खूश. पण किलोत मांडा: चरबी आता 21.8, म्हणजे गेली 3.8 किलो. उरलेले 2.2 किलो चरबीव्यतिरिक्तच्या भागातून गेले, एक तृतीयांशाहून जास्त! तेच 74 किलोवर टक्का 28 असता, तर चरबी 4.9 किलो गेली असती आणि बाकीचा भाग जेमतेम 1.1. टक्का दोन्हीकडे उतरलेलाच दिसतो. म्हणून कागदावर चरबीचे किलो आणि ‘स्केलेटल मसल मास’ (हाडांना जोडलेल्या स्नायूंचं वजन) या दोन ओळी बघा, मागच्या कागदाशेजारी ठेवून.

कागदावरचा ‘लीन मास’, म्हणजे चरबी वगळून उरलेलं वजन, म्हणजे नुसते स्नायू नव्हेत. त्यात पाणी, हाडं, अवयव सगळं येतं. खाणं कमी केलं की शरीरातलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) उतरतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातली घसरण त्यामुळे मोठी दिसते. लगेच स्नायू झडले असं समजू नका. दर आठवड्याला टेस्टचं पॅकेज विकत असतील तर घेऊ नका. चार ते सहा आठवड्यांचं अंतर पुरे.

मशीन चरबी थेट मोजत नाही. अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं, त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज घेतं आणि उंची, वय, लिंग घालून सूत्रानं बाकीचे आकडे काढतं. पाण्याचं गणित हललं की कागद हलला. एप्रिल-मेच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना चरबी जास्त दाखवली जाते. वर्कआउट संपवून घामेजल्या अंगानं मशीनवर उभं करतात, ते तर साफ चूक; व्यायामानंतर त्वचेचं तापमान आणि रक्तप्रवाह बदललेला असतो. सकाळी, पोट रिकामं असताना, लघवीला जाऊन या. तळपाय ओलसर कापडानं पुसा, अंगठा हँडलच्या धातूवर नीट टेकवा, हात काखेपासून सुटे ठेवा. स्क्रीनवर टाकलेली उंची स्वतः तपासा. पुढच्या वेळी तीच वेळ, तेच मशीन. पाळीच्या आसपास पाणी साठतं, तेव्हा ते दिवस टाळा.

घरचे ॲपवाले काटे? फक्त पायांखाली पट्ट्या असतील तर प्रवाह मुख्यतः एका पायातून दुसऱ्या पायात जातो. हात आणि धडाचा आकडा बराचसा अंदाज. वजनापुरते ठीक. ‘व्हिसरल फॅट’चा, म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीचा, आकडाही अंदाजच. त्यापेक्षा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा: पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर लक्ष द्यायला हवं.

मसलचा आकडा सलग दोन कागदांत उतरला तर बहुतेक वेळा कारण एकच: खाणं तोडलंय, ट्रेडमिल वाढवलीय आणि वजनं उचलणं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा स्ट्रेंथ ट्रेनिंग हवं, वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्काच उतरावं, आणि प्रथिनं दर किलो वजनामागे 1.2 ते 1.6 ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. भाकरी-आमटीवर हा आकडा गाठणं कठीण: 30 ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीत जेमतेम सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. 50 ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये मात्र पंचवीसेक. संध्याकाळच्या भडंगात शेंगदाणे असतात खरे, पण प्रथिनांपेक्षा तेलच जास्त पोटात जातं.

पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या मशीनवर उभं राहू नये. जिममध्ये हे विचारतातच असं नाही, तेव्हा आपणहून सांगा.